रद्दीचा भाव आणि अंकाचे मोल

१/ भाद्रपद जवळ आला की मालवण-सावंतवाडीकडची बंद घरे उघडतात. चाकरमानी गावी येतात, गणपतीसाठी साफसफाई होते आणि माळ्यावरचे जुन्या मासिकांचे गठ्ठे खाली उतरून तराजूवर चढतात. रद्दीच्या भावात शंभर वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक आणि गेल्या महिन्याचे वर्तमानपत्र सारखेच.

२/ ही गोष्ट याच जिल्ह्यात अधिक बोचते. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे पहिले मराठी मासिक सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. ‘मासिक मनोरंजन’चे संस्थापक काशीनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, आजगाव सावंतवाडी तालुक्यात आहे. त्यांचा १९०९ चा दिवाळी अंक मराठीतला पहिला मानला जातो.

३/ मग जुन्या अंकाचे मोल ठरवावे कसे? अमेरिकेत कॉमिक्ससाठी १० गुणांची श्रेणी रूढ आहे. कडा, कणा, पिना, कागदाचा रंग पाहून गुण दिले जातात आणि थोड्या गुणांच्या फरकाने किंमत अनेक पटींनी बदलते. तेथे लाखो प्रती छापल्या जात; म्हणून कोरी राहिलेली प्रत दुर्मिळ ठरते. जुन्या मराठी मासिकांच्या प्रती मुळातच थोड्या. येथे प्रत टिकणे हेच दुर्मिळ.

४/ त्यात कोकणचे हवामान. खाऱ्या दमट वाऱ्याने पिना गंजतात, पावसाळ्यात बुरशी धरते, कसर आणि वाळवी उरलेले काम करतात. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःतील आम्लानेच पिवळा व ठिसूळ होतो. परकी श्रेणी जशीच्या तशी लावली, तर किनाऱ्यावरचा जवळजवळ प्रत्येक अंक नापास होईल.

५/ म्हणून पहिला निकष पूर्णतेचा असावा. वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली जात. साबण, औषधे, नाटके यांच्या जाहिरातींतून त्या काळचे घर दिसते. मूळ मुखपृष्ठासह उरलेला सुटा, मळका अंक त्यामुळे नीटस बांधीव खंडापेक्षा मोलाचा ठरू शकतो.

६/ दुसरा निकष दुर्मिळतेचा. जुने ते दुर्मिळ असे नव्हे. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’चे अंक अनेकांनी जपले, दोन-चार अंकांतच थांबलेले एखादे स्थानिक नियतकालिक वयाने लहान असूनही अधिक विरळ असू शकते. दाते सूची मंडळाची नियतकालिकांची सूची आणि जुन्या ग्रंथालयांच्या याद्या येथे उपयोगी पडतात.

७/ तिसरा निकष अंकाच्या प्रवासाचा. वाचनालयाचा शिक्का, वर्गणीदाराची सही, टपालाचा पत्ता यांना बाजार दोष मानतो. इतिहासाच्या दृष्टीने तो पुरावा आहे: वेंगुर्ल्यात किंवा मालवणात कोण काय वाचत होते, हे त्यावरून कळते. मात्र शिक्क्याचा अंक वाचनालयाने रीतसर काढून टाकला होता का, हेही तपासले पाहिजे.

८/ अंकाची अवस्था यानंतर पाहावी. संग्राहक कोऱ्या प्रतीला अधिक पैसे देतो, हे खरेच. ती बाजारातील किंमत झाली. पण ती वाढवण्यासाठी चिकटपट्टी लावणे, लॅमिनेशन करणे किंवा शिक्के खरवडणे म्हणजे किंमत व पुरावा दोन्ही गमावणे.

९/ सारे अंक घरात ठेवणे प्रत्येक कुटुंबाला शक्य नाही, आणि तशी सक्तीही नको. मात्र तराजूपूर्वी एक वही यावी: नियतकालिकाचे नाव, महिना, वर्ष, पाने, मुखपृष्ठ आहे की नाही. ती यादी जवळच्या जुन्या वाचनालयात दाखवण्यास एक दुपार लागते. रद्दीत गेलेल्या अंकाची दुसरी प्रत कुठे उरली असेलच, याची खात्री मात्र कोणीही देऊ शकत नाही.