शेतातले प्लास्टिक परतणार कसे?

बुलडाणा : कापूस आणि सोयाबीन ही बुलडाणा जिल्ह्याची जुनी ओळख. मात्र देऊळगाव राजा व सिंदखेड राजा तालुक्यांत आता शेडनेटची छतेही ठिकठिकाणी दिसतात. शेजारच्या जालन्यातील बियाणे उद्योगासाठी या जाळ्यांखाली भाजीपाल्याचे बीजोत्पादन होते. आत ठिबकच्या नळ्या, गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर आणि बांधाला अस्तरीकरण केलेले शेततळे. पावसावर विसंबून असलेल्या शेतीला प्लास्टिकने मोठा आधार दिला, हे मान्यच करावे लागेल. प्रश्न आहे तो या वस्तूंचे आयुष्य संपल्यानंतरचा.

एक दाणा, अनेक रूपे

यातील बहुतेक वस्तूंचे मूळ पॉलिथिलीनचा दाणा हेच असते. कारखान्यात तो तापलेल्या नळकांड्यात पडतो. आत फिरणारा मळसूत्री स्क्रू त्याला वितळवून एकजीव करतो आणि साच्याच्या तोंडातून बाहेर ढकलतो. ठिबकची नळी बाहेर पडताच पाण्यात थंड केली जाते. इनलाइन प्रकारात ड्रिपर ती गरम असतानाच आतून चिकटतात. मल्चिंगसाठी वितळलेल्या नळीत हवा भरून फुगा वर ओढतात. तो जितका ताणावा तितकी फिल्म पातळ होते. शेडनेटसाठी ताणून बळकट केलेल्या धाग्यांची किंवा पट्ट्यांची जाळी विणतात.

पॉलिथिलीन पुन्हा तापवले की पुन्हा वितळते. म्हणजे तत्त्वतः यातील प्रत्येक वस्तूचा पुन्हा दाणा होऊ शकतो. व्यवहारात मात्र तसे घडत नाही.

नळी जाते, पेपर राहतो

जुनी ठिबक नळी जाड आणि वजनदार असते. त्यामुळे तिला भंगारात भाव मिळतो. मल्चिंग पेपर मात्र साधारणतः २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा. हंगामाअखेर तो फाटतो आणि त्याला चिकटलेली माती अनेकदा त्याच्या स्वतःच्या वजनाहून अधिक भरते. धुण्यासाठी पाणी, वाळवण्यासाठी जागा आणि वाहतुकीचा खर्च यांचा मेळ बसत नाही. ओलावा राहिला तर नव्या फिल्ममध्ये बुडबुडे येऊन ती फुटते. त्यातच उन्हातील अतिनील किरणांनी रेणूंच्या साखळ्या तुटलेल्या असतात. काजळी व स्थिरीकारके मिसळल्याने ही झीज मंदावते, थांबत नाही. पीव्हीसी पाइपचे तुकडे मिसळले, तर तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि यंत्र गंजते. परिणामी हा पेपर बांधावर जाळला जातो किंवा नांगराखाली गाडला जातो.

कायद्याची मर्यादा

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी लागू केली, तिचा रोख पिशव्या व थर्माकोलवर होता. केंद्राने १ जुलै २०२२ पासून निवडक एकल-वापर वस्तूंवर बंदी घातली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. जाड पिशवी गोळा होते, हा त्यामागील विचार. फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांवर टाकलेली परतीची जबाबदारीही वेष्टनापुरतीच आहे. शेतातील फिल्म हे वेष्टन नव्हे. त्यामुळे पिशवीच्या जेमतेम पाव जाडीचा मल्चिंग पेपर या चौकटीबाहेरच राहिला.

चीनच्या शिनजियांगमधील कापूस पट्ट्याने याची किंमत मोजली आहे. तेथे वर्षानुवर्षे अतिपातळ फिल्मचे तुकडे जमिनीत साचले आणि मुळांची वाढ व पाण्याचा निचरा अडू लागला. २०१७ मध्ये चीनने मानक बदलून फिल्मची किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉन केली. भारतातील फिल्म त्याहून जाड आहे. पण ती गोळाच होत नसेल, तर हा दिलासा तात्पुरता ठरेल. जैवविघटनशील फिल्मचा पर्याय आहे, तो महाग आहे.

केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्पभूधारकांना ठिबकसाठी ५५ टक्के, तर इतरांना ४५ टक्के अर्थसाहाय्य मिळते. हा हिशेब खरेदीच्या बिलाशी बांधलेला आहे. त्यातच परतीची एक अट घालता येईल. कृषी सेवा केंद्रांवर जुना पेपर वजनावर घ्यावा, तो उत्पादकाने उचलावा आणि त्याची नोंद पुढील अनुदानाशी जोडावी. पाणी वाचवणारे प्लास्टिक मातीच्या मुळावर येऊ नये, एवढी काळजी आताच घेतली पाहिजे.