मिलानच्या विदुषीचे ग्रंथकर्तृत्व

गणिताच्या इतिहासात ज्याने नवा सिद्धांत मांडला त्याला सिंहासन, आणि ज्याने विखुरलेले सिद्धांत एका सूत्रात ओवून विद्यार्थ्यांच्या हाती दिले त्याला दाराजवळची बैठक, असा एक अलिखित दंडक पडून गेला आहे. आणि या दंडकामुळे ज्यांच्यावर मोठा अन्याय झाला त्यांत मिलान नगरीच्या मरिया गाएताना आन्येसी या विदुषीची गणना मी प्रथम करीन.

आन्येसीबाईंचा जन्म १६ मे १७१८ रोजी झाला, तेव्हा मिलानचा मुलूख हाब्सबुर्ग घराण्याच्या अमलाखाली होता. वडील प्येत्रो हे रेशमाच्या व्यापारावर संपन्न झालेल्या कुटुंबातले. सरदारवर्गात आपल्या घराण्याची प्रतिष्ठा व्हावी या मनीषेने ते विद्वानांच्या व परदेशी पाहुण्यांच्या बैठकी घरी भरवीत, आणि तेथे थोरल्या मुलीचे पांडित्य व धाकट्या मरिया तेरेझाचे संगीत पाहुण्यांपुढे सादर होई. नवव्या वर्षी स्त्रियांच्या विद्याधिकाराच्या समर्थनार्थ लॅटिनमध्ये भाषण करणारी, पुढे ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, स्पॅनिश व जर्मन या भाषा आत्मसात करणारी आणि १७३८ साली तत्त्वज्ञानविषयक सुमारे १९० प्रमेयांचे पुस्तक प्रसिद्ध करणारी ही मुलगी सर्वांच्या कौतुकाचा विषय झाली. तिचे मन मात्र या कौतुकात रमत नव्हते. मठात जाऊन संन्यस्त व्हावे अशी इच्छा तिने प्रकट केली तेव्हा वडिलांनी अनुज्ञा नाकारली. परंतु साधा पोशाख करण्याची, हवे तेव्हा देवळात जाण्याची आणि नाट्यगृहे व नृत्यसमारंभ यांतून सूट मिळण्याची तिची मागणी त्यांना मंजूर करावी लागली. या सवलतीतून जो निवांतपणा लाभला तो तिने रामिरो राम्पिनेल्ली या साधुवृत्तीच्या गणितज्ञाच्या मार्गदर्शनाखाली कलनशास्त्राच्या अध्ययनाला वाहिला.

त्या शास्त्राची तेव्हाची स्थिती ध्यानात घेतल्यावाचून पुढच्या कार्याचे मोल कळणार नाही. न्यूटन आणि लायब्निझ यांनी कलनशास्त्राचा पाया घातला खरा, परंतु त्यांच्या व त्यांच्या अनुयायांच्या कृती निरनिराळ्या भाषांत, निरनिराळ्या चिन्हपद्धतींत आणि विद्वत्सभांच्या नियतकालिकांत इतस्ततः पसरलेल्या असल्यामुळे, ज्याला जाणता गुरू भेटला नाही अशा जिज्ञासूला या विषयात प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य होते. प्रारंभी धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठी म्हणून आन्येसीबाईंनी टिपणे काढावयास घेतली, आणि त्यांतूनच १७४८ साली मिलान येथे प्रसिद्ध झालेला, हजारांहून अधिक पृष्ठांचा, ‘इस्तितुत्सियोनी आनालितिके’ हा द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध झाला. पहिल्या खंडात बीजगणित, समीकरणे आणि वक्रांची भूमिती. दुसऱ्यात विकलन, संकलन आणि विकलक समीकरणे. आणि या सबंध मार्गावर पुढची पायरी मागचीवर उभी राहील, प्रत्येक रीतीपाठोपाठ सोडवून दाखविलेले उदाहरण येईल, अशी रचना. छपाईचे काम बाईंनी आपल्याच घरी, आपल्या नजरेखाली करून घेतले. हस्तलिखित याकोपो रिकाती या थोर गणितज्ञाकडे तपासणीसाठी पाठविले, आणि त्यांनी सुचविलेल्या रीती ग्रंथात घेताना त्यांचे ऋण नावानिशी नमूद केले.

हा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिणे त्यांना सहज शक्य होते, कारण लॅटिन ही त्यांना बालपणापासून अवगत असलेली आणि युरोपभर विद्वन्मान्य भाषा होती. तरीही त्यांनी तो इटालियन भाषेत, इटलीच्या तरुणांच्या उपयोगासाठी असे मुखपृष्ठावरच जाहीर करून लिहिला, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कर्तृत्वातला हाच निर्णय सर्वांत मोठा होय. देशभाषेत लिहिलेले शास्त्र विद्वानांच्या पंक्तीतून वगळले जाईल ही भीती किती निराधार होती याचा दाखला लवकरच मिळाला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीने ग्रंथाच्या सुसंगत मांडणीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ज्या सम्राज्ञी मारिया थेरेसा यांना तो अर्पण केला होता त्यांनी हिऱ्याची अंगठी पाठविली. १७७५ साली दुसऱ्या खंडाचे फ्रेंच भाषांतर निघाले. केंब्रिजमध्ये न्यूटनच्या आसनावर पुढे विराजमान झालेले प्राध्यापक जॉन कोल्सन यांनी तर उतारवयात केवळ या ग्रंथासाठी इटालियन भाषा शिकून घेतली. त्यांचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १८०१ साली, छापून निघाले.

बाईंनी नवा शोध कोणता लावला, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो, आणि त्यांच्या नावाने ओळखला जाणारा वक्रसुद्धा त्यांच्यापूर्वी फर्मा आणि ग्रांदी यांच्या विवेचनात आलेला आहे हे खरे आहे. पण असा आक्षेप घेणाऱ्याने एवढे सांगावे की, शास्त्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ते कशाच्या आधारावर? शोधकर्त्याचा निबंध मूठभर समकालीनांसाठी असतो. त्या निबंधाला शास्त्राचे रूप येते ते कोणीतरी त्याच्या अटी, क्रम आणि उदाहरणे निश्चित करून दिल्यावरच.

१७५० साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांच्या शिफारशीने बोलोन्याच्या विद्यापीठात गणिताच्या अध्यापनपदावर त्यांची नेमणूक झाली. परंतु त्या तेथे कधीच गेल्या नाहीत. १७५२ साली वडील वारल्यावर त्यांनी आपले द्रव्य आणि आयुष्य रुग्ण व निराधार स्त्रियांच्या सेवेकडे वळविले. १७६२ साली तूरिनच्या विद्यापीठाने तरुण लाग्रांजच्या संशोधनावर त्यांचा अभिप्राय मागविला, तेव्हा या विषयांशी आपला आता संबंध उरलेला नाही असे त्यांनी कळविले. १७७१ पासून पिओ अल्बेर्गो त्रिवुल्त्सिओ या वृद्ध व आजारी गरिबांच्या आश्रयगृहातील स्त्रीविभागाची व्यवस्था त्यांच्याकडे आली, आणि ९ जानेवारी १७९९ रोजी मिलानमध्ये देहावसान झाल्यावर त्यांचे दफन गरिबांच्या सामायिक थडग्यात झाले.

आपल्याकडे केरूनाना छत्र्यांसारख्या अध्यापकांनी एकोणिसाव्या शतकात गणिताची पुस्तके मराठीत लिहिली, ती देशभाषेतून शास्त्र शिकविण्याच्या याच जातीच्या निष्ठेने. आपल्या महाविद्यालयांत कलनशास्त्र शिकविणाऱ्या आणि मराठीवर हुकमत असणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, नव्या शोधनिबंधाच्या धडपडीतून थोडा अवकाश काढून, प्रथम पायरीपासून विकलक समीकरणांपर्यंत विद्यार्थ्याला हाताशी धरून नेणारा एक परिपूर्ण मराठी ग्रंथ त्यांनी लिहावयास घ्यावा. आणि विद्यापीठांनी त्या श्रमाची नोंद संशोधनाच्या बरोबरीने करावी.