स्वस्त चहाचे महागडे भांडण

चहा स्वस्त झाला तर आपल्यापैकी कोण तक्रार करील? पण अमेरिकेतील वसाहतवाल्यांनी ती केली, आणि प्रकरण तलवारीवर गेले!

१७६५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने वसाहतींतील कागदपत्रांवर, वर्तमानपत्रांवरसुद्धा, स्टँपचा कर बसविला. ‘पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही, मग कर कसला?’ असा सवाल तिकडून आला. पुढच्याच वर्षी कर उठला. कर बसविण्याचा हक्क मात्र पार्लमेंटने सोडला नाही. नंतर आणखी कर आले नि गेले. चहावरचा तेवढा राहिला.

१७७३ मध्ये कर्जात रुतलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला (होय, आपल्या ओळखीचीच ती!) आपला चहा थेट अमेरिकेत धाडण्याची सवलत मिळाली. चहा स्वस्त होणार होता. पण तो घेणे म्हणजे पार्लमेंटचा हक्क कबूल करणे. १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टन बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

सरकारने बंदरच बंद करून साऱ्या गावाला शिक्षा दिली. इथेच डाव फसला. एका गावाचे दुखणे सर्वांचे झाले. १७७४ मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियास जमले. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टनला गोळी सुटली. तरीही त्यांनी राजाला अर्ज केला! राजाने तो झिडकारला, आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

१७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे ठेवली. हा सेनापती पुढे कोठे गेला? १७८६ साली कलकत्त्यास, गव्हर्नर-जनरल होऊन! वसाहती हातच्या गेल्या, पण राज्य करण्याची हौस फिटली नव्हती.