दवाखान्यातून घरी आल्यावर

हृदयविकाराचा झटका आलेला माणूस दवाखान्यात असतो तोवर घरच्यांना एक आधार असतो. रात्री काही झालं तर नर्सबाई आहे, डॉक्टर आहेत, उशाशी ते टिकटिक करणारं यंत्र आहे. मग चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणतात, ‘उद्या घरी न्या.’ आनंद होतो. पण गाडी गावच्या रस्त्याला लागली की पोटात गोळा येतो. आता बघणार कोण? त्या रात्री घरात कोणी धड झोपत नाही. धनी छातीवर हात ठेवून स्वतःचे ठोके मोजतो आणि कारभारीण अंधारात त्याचा श्वास ऐकत पडते.

ही भीती तुमच्याच घरची नाही, ह्या वाटेनं गेलेल्या जवळपास प्रत्येक घरची आहे. दवाखान्यातून कागद मिळतो, गोळ्यांची पिशवी मिळते. भीतीचं काय करायचं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणून आज तेच बोलू.

झटक्यात हृदयाच्या स्नायूचा काही भाग रक्त न मिळाल्यानं मरतो. त्या जागी, जखम भरते तसा, व्रण धरतो. तो घट्ट व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. उरलेलं हृदय आपलं काम करीत राहतं. म्हणजे माणूस काही काचेचा झालेला नसतो. एके काळी डॉक्टरसुद्धा त्याला काचेचाच समजत आणि चार-सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवीत. १९५२ साली अमेरिकेतल्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन ह्या डॉक्टरांनी अशा रोग्यांना लवकर खुर्चीत बसवण्याचा अनुभव छापून प्रसिद्ध केला, आणि हळूहळू ती समजूत सुटली. १९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना झटका आला. सात आठवडे ते दवाखान्यात होते. पुढच्याच वर्षी ते निवडणूक लढले, जिंकले, आणि १९६९ पर्यंत जगले. तेव्हा आजच्यासारखी औषधंही नव्हती आणि स्प्रिंगही नव्हती. (स्टेंटला आपल्याकडे स्प्रिंगच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.)

आता भेटायला येणाऱ्यांबद्दल. माणसं प्रेमानं येतात, पण ओसरीवर बसून काय सांगतात? ‘आमच्या साडूचंही असंच झालं होतं, महिन्यात गेला.’ असल्या पाहुण्याला चहा पाजावा आणि विषय पावसापाण्यावर न्यावा, हे घरच्या शहाण्या बाईचं काम. त्यापेक्षा पंचक्रोशीत स्प्रिंग टाकून पाच-सात वर्षं झालेला, आज बैलजोडी सांभाळणारा एखादा असतोच. त्याला मुद्दाम बोलावून घ्या. ‘मलाही रात्री असंच वाटायचं,’ हे त्याच्या तोंडचं एक वाक्य माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त धीर देईल.

दुसरी चूक पोरं करतात, तीही मायेपोटी. ‘दादा, तुम्ही नुसतं बसा.’ जन्मभर पहाटे गोठ्यात गेलेल्या माणसाला नुसतं बसवलं की तो मनानं खचतो. डॉक्टरांनी अडवलं नसेल तर घरी आल्यापासूनच चालायला लावा. आधी अंगणात पाच मिनिटं, मग देवळापर्यंत, असं वाढवत रोज अर्ध्या तासावर न्या. चालताना बोलता आलं पाहिजे; बोलताना दम लागला तर वेग कमी करा. जेवणावर लगेच आणि भर उन्हात चालू नका. बांधावर उभं राहून मजुरांवर देखरेख करायला हरकत नसते. पोती उचलणं, पाठीवर फवारणीचा पंप घेणं, कुदळ मारणं ही कामं मात्र डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत नकोत. आणि रात्रीच्या लाइटीवर एकट्यानं पाणी द्यायला जाणं तर नकोच. तिथं अंधार, थंडी, चिखल आणि हाक ऐकायला कोणी नाही.

मनाचं दुखणं मात्र लपून राहतं. गडी माणूस उगाच चिडतो, जेवण टाकतो, एकटा असला की डोळे पुसतो. झटक्यानंतर साधारण पाचांत एकाला खरंखुरं नैराश्य येतं. हे नाटक नव्हे, आणि कमकुवतपणाही नव्हे. दोन आठवडे सरले तरी मन वर येत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. त्यावर उपचार आहेत. १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर फुकट, मराठीतूनही बोलता येतं.

आणि माउली, तुमचं काय? सगळे धन्याची विचारपूस करतात, तुमची कोणी करीत नाही. गोळ्यांच्या वेळा, बिनमिठाचा स्वयंपाक, गुरं, दवाखान्यासाठी काढलेलं कर्ज, सगळं तुमच्या डोक्यावर. आठवड्यातून दोन रात्री मुलाला किंवा दिराला त्यांच्याजवळ झोपवा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत पाठ टेका. नवराबायकोच्या संबंधाबद्दलही विचारायला लोक लाजतात, म्हणून सांगून टाकतो. काही आठवड्यांनी, दोन जिने दम न लागता चढता आले तर सहसा धोका नसतो. फक्त जिभेखालची गोळी ज्यांना दिली आहे त्यांनी ‘ताकदीच्या’ गोळ्या चुकूनही घेऊ नयेत. रक्तदाब एकदम कोसळतो.

गोळ्यांचं थोडक्यात सांगतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केली तर स्प्रिंगमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. कंबर दुखते म्हणून गावात दुखण्याचं इंजेक्शन किंवा गोळी घेतात, त्यांतली बरीचशी ह्या रोग्याला घातक असतात. औषधं महाग पडत असतील तर जनऔषधी दुकानात चौकशी करा. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला असेल तर पुढच्या तपासणीचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. तंबाखू, मिश्री, विडी ह्यांबद्दल मी वाद घालणार नाही. ती सोडायचीच, आणि घरातल्या इतरांनीही त्यांच्यासमोर तोंडात टाकायची नाही.

छातीत पुन्हा दुखलं तर? डॉक्टरांनी दिली असेल तर खाली बसून एक गोळी जिभेखाली ठेवा. उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन पडाल. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही, घाम फुटला, दम लागला, तर १०८ ला फोन करा. शेजाऱ्याचा सल्ला घेत बसू नका, आणि स्वतः मोटारसायकलवर निघू नका. हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, शेजारी गोळ्यांची नावं आणि दवाखान्याचा फोन. असं लिहिलेलं असलं की घरातल्या सगळ्यांना जरा निवांत झोप लागते.

पुढच्या तपासणीला दोघांनी मिळून जा. डॉक्टरांसमोर सगळं विसरायला होतं, म्हणून प्रश्न आदल्या रात्री पोराकडून वहीच्या पानावर लिहून घ्या. ट्रॅक्टर कधीपासून चालवू, धार काढायला बसू का, भाकरीबरोबर ठेचा किती चालेल, असले प्रश्नसुद्धा लिहा. डॉक्टर हसले तर हसू द्या, उत्तर घेऊनच उठा.