फुफ्फुसातले पाणी : दार, दाब आणि मीठ

‘छातीत पाणी झालं’ हे आपल्या घराघरांत ऐकू येणारे वाक्य. पण या एका वाक्याखाली दोन निराळे आजार दडलेले असतात. पहिल्यात पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणात साचते. टी.बी.मध्ये हे पुष्कळदा होते आणि डॉक्टर सुई घालून ते पाणी काढतात. दुसऱ्यात पाणी खुद्द फुफ्फुसाच्या आत, हवेच्या फुग्यांत भरते. ते सुईने निघत नाही. माणूस पाण्यात न उतरता बुडतो म्हटले तरी चालेल. आजचा विषय हा दुसरा आजार.

वाचकहो, आपल्या फुफ्फुसांत असे ३० ते ५० कोटी सूक्ष्म फुगे असतात. प्रत्येकाभोवती रक्तवाहिन्यांची जाळी असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा डोक्याच्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. म्हणून तर प्राणवायू रक्तात जातो. त्या बारीक वाहिन्यांतून थोडे पाणी सतत भोवताली पाझरत असते आणि लसिकावाहिन्या ते गोळा करून परत रक्तात सोडतात. मी हिशेबाचा माणूस, मला हे जमा-खर्चाच्या वहीसारखे दिसते. पाझर वाढला किंवा उपसा कमी पडला की शिल्लक वाढते. ही शिल्लक मात्र जीवावर उठते.

हे पाणी पेशीतून आरपार जाते कसे? पेशीचे आवरण तर तेलकट. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्रे हे ऱ्हीसस रक्तगटाचा अभ्यास करीत होते. त्यांना तांबड्या पेशींत एक अनोळखी प्रथिन सापडले. ते बनवण्याचा निरोप त्यांनी बेडकाच्या अंड्यांत टोचला आणि ती अंडी कमी मिठाच्या पाण्यात सोडली. अंडी फुगली आणि फुटली. न टोचलेली जशीच्या तशी राहिली. हे प्रथिन म्हणजे पाण्याचे दार आहे, हे १९९२ साली असे सिद्ध झाले. त्याचे नाव ॲक्वापोरिन. एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जातात, पण मिठाचा एक कणही जात नाही. २००३ साली अ‍ॅग्रे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अशी दारे फुफ्फुसातही आहेत. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात पहिल्या क्रमांकाचे ॲक्वापोरिन, तर फुग्यांच्या पेशींत पाचव्या क्रमांकाचे. साहजिकच आशा वाटली, की हे दार बंद करणारे औषध मिळाले तर फुफ्फुसात पाणी भरणारच नाही! सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅलन व्हर्कमन यांच्या चमूने हे दारच नसलेले उंदीर तयार केले. मिठाच्या ओढीने पाणी पडद्यापार जाण्याचा वेग त्यांच्यात दहापटीने कमी झाला. पण फुफ्फुसाला इजा केल्यावर पाणी साचायचे तेवढेच साचले, आणि उपसले जायचे तेही त्याच वेगाने. कारण फुफ्फुसातली पाण्याची ये-जा मुळात संथ असते. तिला एवढे मोठे दार लागतच नाही.

मग उपसा कोण करतो? मीठ. फुग्याच्या पेशी आतल्या पाण्यातले सोडियम ओढून घेतात, पंपाने रक्ताकडे ढकलतात, आणि पाणी मिठामागोमाग जाते. बाळ पोटात असताना त्याच्या फुफ्फुसांत पाणीच भरलेले असते. जन्माच्या वेळी ते याच रीतीने हटते. १९९६ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी हा सोडियमचा मार्ग नसलेले उंदीर जन्माला घातले, तेव्हा ती पिल्ले ४० तासांच्या आत मेली. फुफ्फुसातले पाणी त्यांना हटवता आले नाही. पाण्याचे दार नसलेले उंदीर जगले, मिठाची वाट नसलेले गेले. मला या विषयातले हे सर्वांत बोलके प्रयोग वाटतात.

हा मिठाचा पंप औषधाने जोरात चालवावा, असेही डॉक्टरांना वाटले. ब्रिटनमध्ये अत्यवस्थ रुग्णांना दम्याचे सॅल्ब्युटॅमॉल शिरेतून देऊन पाहिले. मृत्यू वाढले, म्हणून चाचणी थांबवावी लागली. तो अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. ॲक्वापोरिनवर चालणारे औषध तर या आजारासाठी अद्याप वापरात नाही. सारांश, आपल्या हाती उरतो तो पाझर आवरणे.

पाझर वाढतो तो बहुधा दाबाने. हृदयाची डावी बाजू थकली, किंवा लहानपणच्या सांध्यांच्या तापाने हृदयाची झडप आखडली, की रक्त मागे फुफ्फुसात तुंबते. दुसरे कारण पडदाच जखमी होणे. न्यूमोनियात, कोविडमध्ये हेच झाले. गटारातल्या विषारी वायूनेही हेच होते. म्हणून मॅनहोलमधून वाचवून आणलेला कामगार शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला तसाच घरी आणू नये. पाणी काही तासांनीही भरू शकते.

आता सलाईनकडे येऊ. पहिले ॲक्वापोरिन जन्मतःच नसलेली माणसे जगात अगदी थोडी आहेत. अशा दोघांना आणि काही निरोगी माणसांना जॉन्स हॉपकिन्समध्ये भराभर तीन लिटरपर्यंत सलाईन देऊन छातीचे स्कॅन काढले गेले. २००२ साली छापलेला निष्कर्ष असा : निरोगी माणसांच्या श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांच्या भिंती पाण्याने जाड झाल्या, त्या दोघांच्या झाल्या नाहीत. म्हणजे माणसात या दाराचा थोडा वाटा दिसतो. पण मला यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. धडधाकट माणसाच्या छातीतही भराभर दिलेले सलाईन पाझरते.

आणि आपल्याकडे? ‘अंगात ताकद नाही, एक बाटली लावा डॉक्टर’ असे आपणच सांगतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुलाबाने कोरड्या पडलेल्या माणसाला सलाईन जीवदान देते, यात शंका नाही. पण हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला, डेंग्यूतून उतरू लागलेल्याला, तीच बाटली बुडवू शकते. त्यांनी बाटली मागू नये, आणि लावणाऱ्याला आपला आजार आधी सांगावा. अशा घरात सुकट, बोंबील, पापड, लोणचे यांवरही हात आखडता घ्यावा लागतो. जिभेला जड जाते खरे.

लक्षणे ओळखून ठेवा. आडवे पडले की दम लागतो, एका उशीच्या दोन-तीन उशा होतात. मध्यरात्री गुदमरून जाग येते, उठून बसल्यावर बरे वाटते. पायांवर सूज येते. याला ‘दमाच आहे’ म्हणून महिनोन्महिने पंप ओढत बसू नये. फेसाळ, गुलाबी थुंकी आली तर क्षणाचाही उशीर नको. अशा रुग्णाला झोपवू नका, पाणी पाजू नका. पाय खाली सोडून बसवा आणि बसलेल्या स्थितीतच इस्पितळात न्या. तेथे प्राणवायू आणि लघवीचे इंजेक्शन मिळाले की बरेच रुग्ण काही तासांत मोकळा श्वास घेऊ लागतात.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची राहिली. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते, आणि बाळंतपणानंतर गर्भाशयातले रक्त एकदम हृदयाकडे परत येते. झडप आखडलेली असेल तर फुफ्फुसात पाणी भरण्याचा हा सर्वांत धोक्याचा काळ. लहानपणी सुजलेले सांधे, महिन्या-महिन्याला घेतलेली पेनिसिलीनची इंजेक्शने, हे माहेरच्यांना ठाऊक असते. लग्नात अडचण नको म्हणून ते सासरी सांगितले जात नाही. ते सांगा. आणि इकोचा जुना कागद बाळंतपणाच्या फाईलला पहिल्याच तपासणीत टाचून द्या.