बाईला न शोभणारा धंदा

मराठी रहस्यकथेत बाईला आजवर मुख्यत्वेकरून तीन जागा मिळाल्या आहेत: प्रेताची, प्रलोभनाची आणि मदतनिसाची. चौथी जागा, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तर मिळेपर्यंत न हलणाऱ्या माणसाची, तिला वाचकाच्या कायम स्मरणात राहील अशा रीतीने कोणी दिलेली नाही. ही उणीव किरकोळ आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आमचा वाद आहे.

कै. बाबूराव अर्नाळकर (१९०७–१९९६) यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांची थट्टा करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. ज्या माणसाने गिरणगावातल्या कामगारापासून गिरगावातल्या कारकुनापर्यंत सर्वांना वाचनाचे व्यसन लावले, त्याचे ऋण मोठमोठ्या समीक्षकांच्या ऋणाहून अधिक आहे. पण त्यांच्या मानसपुत्रांची नावे आठवून पाहा: झुंजार, काळा पहाड. झुंजारची विजया धाडसी खरी, परंतु ती झुंजारची पत्नी म्हणूनच ध्यानात राहते. पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोझ इराणी आणि मंदार पटवर्धन आले. लेखक बदलले, पिस्तुलांची बनावट बदलली, भाषा चटपटीत झाली. पिस्तूल धरणारा हात मात्र पुरुषाचाच राहिला.

परभाषांत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये ‘द फीमेल डिटेक्टिव्ह’ हे पुस्तक १८६४ साली निघाले, आणि त्या वेळी तेथील पोलिसदलात एकही स्त्री-अधिकारी नव्हती. म्हणजे तेथे कल्पना आधी आली आणि वास्तव मागाहून. १९७२ साली पी. डी. जेम्स यांनी कॉर्डेलिया ग्रे ही तरुण खाजगी गुप्तहेर निर्माण केली, आणि ‘हा बाईला न शोभणारा धंदा’ हा लोकांचा टोमणाच उचलून पुस्तकाच्या शीर्षस्थानी बसवला. १९८२ साली अमेरिकेत सारा पॅरेट्स्की आणि सू ग्राफ्टन या दोघींनी आपापल्या हेरबाई मैदानात उतरवल्या. ग्राफ्टनबाई इंग्रजी वर्णमालेतील एकेका अक्षरावर एकेक कादंबरी लिहीत गेल्या आणि पंचविसावे अक्षर संपवून २०१७ साली निवर्तल्या. आमच्या शेजारच्या बंगालीत प्रभावती देवी सरस्वती यांची कृष्णा विसाव्या शतकाच्या मध्यालाच हेरगिरी करू लागली होती. अलीकडे सुचित्रा भट्टाचार्य यांच्या मितिन मासीने घराघरांत प्रवेश मिळवला. ही मासी संसार सांभाळते, स्वयंपाकात रस घेते, आणि गुन्हेगारही पकडते.

मराठीत मात्र उलटा प्रकार झाला. येथे वास्तव आधी आले आणि कल्पना अद्याप वाटेतच आहे. शिवाजी पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर रुपारेल महाविद्यालय आहे. तेथे मराठी साहित्याचा अभ्यास केलेल्या रजनी पंडित यांनी पुढे खाजगी गुप्तहेराचा व्यवसाय पत्करला, १९९१ साली स्वतःची संस्था काढली, आणि देशातील पहिली स्त्री-गुप्तहेर अशी त्यांची ख्याती झाली. वडील गुन्हे-अन्वेषण खात्यात होते, एवढीच काय ती घरची परंपरा. एका खुनाच्या तपासासाठी आपण संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून सहा महिने राहिलो, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. विचार करा: साहित्याची पदवी घेतलेली मुलगी भांडी घासते आहे, कान उघडे ठेवते आहे, आणि घरातली माणसे तिच्यादेखत बोलत आहेत, कारण मोलकरणीला कान असतात हे त्यांच्या गावीही नाही. कोणत्या झुंजारला ही जागा मिळाली असती? हे कथानक दादर-माहीमच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे पडून होते. त्यावरून त्यांना स्वतःच पुस्तके लिहावी लागली. आमच्या कादंबरीकारांपैकी कोणाला वाकून ते उचलावेसे वाटले नाही.

यावर एक आक्षेप असा की, असली बाई वास्तवाला धरून होणार नाही. त्याचे उत्तर वर आलेच आहे. शिवाय तो आक्षेप फार उशिरा निघाला. स्त्रियांचा हेर म्हणून उपयोग कौटिल्याने सांगून ठेवला आहे. उपजीविका शोधणारी, धीट, मोठ्यांच्या अंतःपुरात मान असलेली निर्धन विधवा परिव्राजिका त्याला या कामी योग्य वाटली. जेथे पुरुषाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागते तेथे बाई माजघरापर्यंत जाते, हे त्याला कळले होते.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित चेहऱ्याने येतो. हा धंदाच हलका, दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा. त्यात चांगल्या घरची मुलगी कशाला दाखवायची? आमचा सवाल असा की, या धंद्याला पैसे कोण पुरवतो? लग्न ठरवण्यापूर्वी स्थळाची गुपचूप चौकशी करून घेणारी, जावयाच्या नोकरीची, सवयींची आणि कर्जाची खात्री करून घेणारी कुटुंबे कोणती? तीच, ज्यांच्या दिवाणखान्यात रहस्यकथा लपवून वाचल्या जात. मुलीसाठी हेरबाई हवी, पण मुलगी हेरबाई नको, असा हा न्याय आहे. धंद्यात दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. २०१८ साली दूरध्वनी-संभाषणांच्या नोंदी बेकायदा मिळवल्याच्या आरोपावरून ठाणे पोलिसांनी रजनी पंडित यांना अटक केली होती व पुढे त्यांना जामीन मिळाला. आरोप म्हणजे निकाल नव्हे. परंतु खाजगी हेराने कोणत्या रेषेवर थांबावे हा प्रश्न खराच आहे. त्यासाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक आले, त्याचा कायदा मात्र झाला नाही. ज्या धंद्याची मर्यादा कायद्यानेही नीट आखलेली नाही, त्यात वावरणाऱ्या प्रामाणिक बाईला पदोपदी पेच पडणार. कादंबरीला याहून सकस विषय कोणता? नायिका देवी असावी असा आमचा हट्ट नाही. तिने प्रश्न विचारावेत आणि कधी चुकावेही, एवढीच मागणी आहे.

तिसरा आक्षेप समीक्षकांचा: रहस्यकथा हे वाङ्मयच नव्हे. या सोवळेपणाचे फळ इतकेच की, आपली मुंबई परक्यांनी लिहिली. कल्पना स्वामीनाथन या मुंबईच्याच. शल्यचिकित्सक आणि लेखिका. त्यांची लल्ली, साठी ओलांडलेली निवृत्त पोलिस अधिकारी, इंग्रजीतून गुन्हे उलगडते. सुजाता मॅसी या अमेरिकेत राहणाऱ्या लेखिकेने २०१८ साली १९२१ च्या मुंबईतील पर्वीन मिस्त्री ही वकील-नायिका उभी केली. तिची प्रेरणा ज्यांच्यापासून घेतली त्यांपैकी कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशकात जन्मल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. नाशिक आमचे, पुणे आमचे, मुंबई आमची; कादंबरी मात्र परदेशातून येते आणि आम्ही ती कौतुकाने विकत घेतो.

मूळ मुद्दा करमणुकीचा नाही. रहस्यकथेत जो शोध घेतो त्याच्या शब्दाला अखेरच्या प्रकरणात सर्वांना मान द्यावा लागतो. घरातली बाई खरे बोलते की नाही हे ठरवायला बसलेल्या समाजाला, बाईने सर्वांना समोर बसवून खरे काय ते सांगावे, हे दृश्य सोसत नाही. म्हणून ती प्रेत म्हणून चालते, पुरावा म्हणून चालते, साक्षीदार म्हणूनही चालते. निष्कर्ष काढणारी म्हणून चालत नाही. ही सवय पुस्तकातून आयुष्यात आली की आयुष्यातून पुस्तकात, याचा निर्णय करण्याची गरज नाही. ती मोडायला पुस्तकापासून सुरुवात करणे अधिक सोपे आहे.

१९२५ साली झालेल्या माहीम पार्कला १९२७ साली शिवाजी पार्क हे नाव मिळाले ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे. ज्या मैदानाचे नाव बदलण्याइतकी हिंमत एका बाईने शतकापूर्वी दाखवली, त्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या शेकडो बायकांपैकी एक कोणावर तरी पाळत ठेवून बसली आहे, एवढी कल्पना मराठी लेखकाला करता येऊ नये काय? दिवाळी अंकांच्या संपादकांनी पुढच्या वर्षी रहस्यकथा मागवताना ही अट घालून पाहावी, आणि प्रकाशकांनी ‘असले खपत नाही’ हे उत्तर छापून विकून पाहिल्यानंतरच द्यावे.