विश्लेषण : कार्यालयाच्या ईमेल सर्व्हरचा वाली कोण?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ या दोन आवृत्त्यांचा सपोर्ट थांबवला. सपोर्ट संपला म्हणून सर्व्हर बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही कोटेशन जातात, बिले येतात, बैठकांची आमंत्रणे पोहोचतात. त्यामुळे ज्या कार्यालयांत हे सर्व्हर चालू आहेत, तिथे या तारखेची दखल घ्यावी असे कोणाला वाटतही नाही. धोका नेमका यातच आहे. यापुढे सापडणाऱ्या त्रुटींसाठी नेहमीची सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत, त्रुटी शोधणारे मात्र काम थांबवणार नाहीत.

हा सर्व्हर सांभाळायचा म्हणजे काय?

एक्स्चेंज १९९६ पासून बाजारात आहे. कंपनीच्या नावाचे ईमेल पत्ते, सर्वांची कॅलेंडरे, संपर्कांची यादी हे सारे कंपनीच्याच संगणकावर ठेवण्याची ही व्यवस्था. नवा कर्मचारी आला की मेलबॉक्स उघडायचा, तो सोडून गेला की बंद करायचा. बॅकअप घ्यायचा आणि तो खरोखर परत उघडतो का, हेही तपासायचे. डिस्क भरत आली तर सर्व्हर नवी मेल घेणे थांबवतो, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचे. सर्टिफिकेटची मुदत पाहायची, अपडेट बसवायची. केले तर दिसत नाही आणि राहिले तर सारे कार्यालय ठप्प, असे हे काम. मध्यम आकाराच्या कंपनीत ते बहुधा अशा एकाच माणसाकडे असते, ज्याला प्रिंटर, सीसीटीव्ही आणि हजेरीचे यंत्रही पाहावे लागते.

२०२१ मध्ये काय घडले?

तैवानमधील डेव्हकोर या कंपनीच्या संशोधकांना डिसेंबर २०२० मध्ये एक्स्चेंजमध्ये गंभीर त्रुटी आढळली. ५ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी ती मायक्रोसॉफ्टला कळवली. दुरुस्ती आली २ मार्चला, तीही ठरलेल्या मासिक वेळापत्रकाबाहेर, तातडीने. तोपर्यंत हल्ले सुरू झाले होते. मायक्रोसॉफ्टने त्यामागे चीनमधून काम करणारा, सरकारी पाठबळ असलेला ‘हाफ्नियम’ हा गट असल्याचे म्हटले. दुरुस्ती जाहीर होताच इतर टोळ्याही तुटून पडल्या, कारण कोणते कुलूप कच्चे आहे हे आता सर्वांनाच कळले होते.

पद्धत साधी आणि भयंकर होती. बाहेरून आलेली विनंती आपल्याच आतल्या भागाची आहे, असा सर्व्हरचा समज करून दिला जाई. पासवर्डची गरजच उरत नसे. मग हल्लेखोर सर्व्हरवर ‘वेब शेल’ नावाची छोटी फाइल ठेवत. नंतर केव्हाही परत येऊन हुकूम सोडण्यासाठी हा चोरदरवाजा. नॉर्वेच्या संसदेला आणि युरोपीय बँकिंग प्राधिकरणाला या हल्ल्यांचा फटका बसला.

खरी गोम पुढे आहे. अपडेट बसवल्याने त्रुटी बंद झाली, पण आधीच ठेवलेली वेब शेल तशीच राहिली. चोर घरात असताना दाराला नवे कुलूप लावावे, तसे अनेकांचे झाले. अखेर एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन शेकडो खासगी सर्व्हरमधील वेब शेल स्वतः काढून टाकल्या. मालकांना कळवण्याचा प्रयत्न झाला तो नंतर. एफबीआयने ना अपडेट बसवली, ना इतर घातक प्रोग्रॅम शोधले. तपास यंत्रणेने लोकांच्या संगणकात शिरून साफसफाई करावी का, हा प्रश्न रास्तच. पण महिना उलटूनही शेकडो सर्व्हरकडे पाहायला कोणी नव्हते, हे त्याहून अधिक बोलके आहे.

हल्ला नसतानाही मेल का अडकल्या?

१ जानेवारी २०२२ रोजी एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ वापरणाऱ्या अनेक संस्थांच्या मेल सर्व्हरवरच रांगेत अडकल्या. विषाणू तपासणाऱ्या भागाच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून तयार होत असे. नव्या वर्षात तो २२०१०१०००१ झाला. तो साठवण्याच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या होती २१४७४८३६४७. हिशेब चुकला, तपासणी कोसळली आणि मेल पुढे सरकेनात. मायक्रोसॉफ्टने उपाय दिला, पण तो सर्व्हरवर चालवण्यासाठी सुट्टीच्या दिवशी कोणीतरी बसावे लागले.

क्लाउडवर नेले की सुटका?

बऱ्याच अंशी, पण पूर्ण नाही. २०२१ च्या त्या त्रुटींचा फटका मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइन या सेवेला बसला नव्हता. जिथे पूर्ण वेळ जाणकार माणूस नाही, त्या कंपनीने स्वतःचा मेल सर्व्हर ठेवण्याचा हट्ट सोडणेच शहाणपणाचे. मात्र २०२३ मध्ये हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टचीच एक सही-किल्ली वापरून त्याच ऑनलाइन सेवेतील मेल वाचल्या. हे प्रथम लक्षात आले ते अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या. त्या खात्याने मेल उघडल्याच्या नोंदींवर स्वतःचा इशारा-नियम लावून ठेवला होता. त्या नोंदी मिळत होत्या महागड्या योजनेत. टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने त्या अधिक ग्राहकांना खुल्या केल्या.

शिवाय कर्मचाऱ्याचे खाते वेळेत बंद करणे, दुहेरी पडताळणी सक्तीची करणे ही कामे क्लाउडवरही कंपनीचीच राहतात. खात्यात शिरलेला भामटा अनेकदा लगेच काही करत नाही. मेल परस्पर बाहेर पाठवणारा नियम लावतो, व्यवहार वाचत राहतो आणि बिल भरण्याच्या दिवशी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळवतो. म्हणून असे फॉरवर्डचे नियम दर महिन्याला तपासायला हवेत. खाते बदलल्याची मेल आली, तर आधीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. पैसे गेलेच, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

भारतातील कंपन्यांवर बंधन काय?

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ज्या कार्यालयात सर्व्हरचा मुख्य पासवर्ड केवळ संगणक बसवून देणाऱ्या वेंडरकडे आहे, तिथे हे सहा तास त्याला फोनवर गाठण्यातच जातील. मुख्य अधिकार कोणाकडे आहेत, डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याचे नूतनीकरण कधी, ही माहिती मालकाकडे लेखी असायला हवी.

जुन्या सर्व्हरचे आता काय करायचे?

स्वतःचाच सर्व्हर ठेवायचा असेल, तर जुलै २०२५ मध्ये आलेली सबस्क्रिप्शन आवृत्ती हा मार्ग आहे. एक्स्चेंज २०१९ अद्ययावत असेल, तर त्याच संगणकावर ती बसवता येते. एक्स्चेंज २०१६ वाल्यांना नवा सर्व्हर उभा करून एकेक मेलबॉक्स तिकडे न्यावा लागेल. आणि त्याआधी जुन्या सर्व्हरवर कोणी वेब शेल ठेवून गेले आहे का, याची तपासणी करून घ्यावी लागेल.